पुढल्या दिवाळीचं पुस्तक

मिठबावच्या पोस्टात तिकिटांच्या रांगेत माझ्यापुढे गुरुजींच्या पत्नी यशोदाबाई होत्या. एकोणीसशे अठ्ठावन्नचा श्रावण. मुंबईच्या प्रकाशकाचं पत्र पोस्टमास्तर त्यांना वाचून दाखवत होते.

"'गुरुजी, खाडीतल्या माशांवरचे आपले पुस्तक पसंत आहे. पण यंदाच्या दिवाळीची यादी आषाढातच भरली, आणि उन्हाळाभर छापखाना शाळेच्या पुस्तकांना लागतो. तेव्हा पुढल्या दिवाळीला काढू.'"

"म्हणजे छापतले?"

"छापतील. पण पुढं लिहिलंय, 'नव्या लेखकाचे एकच पुस्तक आम्ही घेत नाही. दुसरे कधी देता, ते कळवावे.'"

"अरे देवा."

"वहिनी, गुरुजींना जाऊन महिना झाला. तसं कळवू या."

"नको! कळला तर ह्या पण परत धाडतले. चार वर्सा लिवत होते ते."

"मग काय लिहू?"

"लिवा, दुसरा पुढल्या दिवाळीनंतरच्या पावसात देतंय."

"अहो, पण ते लिहिणार कोण?"

"तुमी लिवा तर खरा. एकदा ह्या छापून येवंदे."

"बरं. खाली सही तुमची?"

"माझी कशी? तेंची करा."