गर्दी नाही, बघ!

...आणि वर म्हातारा मला म्हणतो कसा, 'गर्दी नाही, बघ!' अहो, गर्दी येईल कुठून? हमरस्त्यावरची पाटी तुम्हीच उपटून नेणार, मग गर्दीने काय वास काढत यायचं? तुम्हाला सांगते, म्हातारी माणसं समजूतदार असतात, अनुभवाने शहाणी होतात, असलं जे काही तुम्हाला लहानपणापासून ऐकवलंय ना, ते एकदा माँटानात आमच्या लॉस्ट म्यूलवर येऊन तपासून घ्या. सापडलं तर! लॉस्ट म्यूल म्हणजे हरवलेलं खेचर. कधीकाळी कुणाचं तरी खेचर या डोंगरात हरवलं, ते शेवटपर्यंत मिळालं नाही, आणि तेव्हापासून आमच्या म्हाताऱ्यांनी ठरवलंय की डोंगरही कुणाला मिळता कामा नये.

आता डोंगर कसा, तर उतार असे की पाहत राहावं. बर्फ पडून चार दिवस झाले तरी कुणाच्या स्कीचा ओरखडा नाही. डोंगरापलीकडे ते मोठं रिसॉर्ट आहे ना, तिथे लोक लिफ्टच्या रांगेत उभ्या उभ्या म्हातारे होतात! आणि आमच्याकडे? एक लिफ्ट, तारेला टांगलेल्या दोघादोघांच्या खुर्च्या, पायथ्याला एक लाकडी खोपट, त्यात अर्लीनच्या हातची चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं तिखट कालवण, आणि हकलबेरीचा पाय, म्हणजे जांभळी रानफळं भरून भाजलेला गोड पदार्थ. बस! जगात कुणालाही आवडेल. पण जगाला कळायला तर हवं! रस्तेवाले दर हिवाळ्यात वळणावर पाटी लावतात, 'स्कीचा डोंगर, उजवीकडे', आणि दर हिवाळ्यात आमचे म्हातारे ती रातोरात काढतात. चोरी नाही हं, रीत! व्हर्लिनचा बाप काढायचा, आता व्हर्लिन काढतो. व्हर्लिन टॉलेफसन, अर्लीनचा नवरा, आमच्या डोंगर-समितीचा अध्यक्ष, खजिनदार, मेकॅनिक आणि अडथळा.

मी कॉलेज अर्ध्यात सोडून इथे लिफ्टवर कामाला लागले. त्यावरूनही रोज टोमणे. "ब्रिन, पोरी, पाना पकडायला पण शिकवलं नाही का गं तुझ्या प्रोफेसरांनी?" मी म्हटलं, शिकवलं असतं तर सोडलं असतं का? असो. तर या हिवाळ्यात मी पाटी परत लावली. त्याने काढली. मी लावली. त्याने काढली. मी बोल्ट असे आवळले की सैतानाला सुटायचे नाहीत, तर म्हातारा करवत घेऊन गेला! खांबासकट! आणि दुसऱ्या दिवशी डोंगराकडे हात करून मलाच सांगतो, 'गर्दी नाही, बघ!'

तर तो बुधवार. बुधवारी आम्ही बंद. पण उघडायच्या आधी एकदा लिफ्ट फिरवून, खुर्चीत बसून, वरची चाकं बघत जायचं असतं, आणि एकट्याने बसायचं नाही असा नियम. नियमही यांचाच. त्या सकाळी घाटात हिमकडा कोसळलेला, मोठ्या रिसॉर्टचा रस्ता बंद, आमच्या गावचे बचाववाले झाडून तिकडे. म्हणजे डोंगरावर माणसं किती, तर खाली लिफ्टच्या बटनापाशी अर्लीन, आणि खुर्चीत मी आणि व्हर्लिन. खुर्चीही एवढीशी, तुम्हाला सांगते, एकमेकांवर डाफरायलासुद्धा मान पुरती वळत नाही!

निघालो. पाइनची झाडं पायाखालून सरकतायत, म्हातारा चाकं बघतोय, "हे ठीक... हे ठीक... हे माझ्यापेक्षा ठीक..." आणि मधली घळ आली ना, जिथे जमीन एकदम खोल जाते, तिथेच... खट्! खालून असा आवाज, जसा कुणी पत्र्यावर हातोडा हाणावा. खुर्ची पुढे झुलली, मागे झुलली, आणि थांबली.

"काही नाही," व्हर्लिन म्हणतो. "पट्टा तुटला असेल. दुसरं इंजिन आहे."

"मग लावायला सांगा की!"

"ते फक्त मलाच लावता येतं."

ऐकलंत? संकटासाठी ठेवलेलं इंजिन, आणि ते लावता येणारा जगातला एकमेव माणूस माझ्याशेजारी लोंबकळतोय! गेल्या बैठकीत मी म्हणाले होते, अजून दोघांना शिकवा. तर हे म्हणतात, जास्त माणसं झाली की गोंधळ होतो. घ्या! झाला का गोंधळ?

वारा असा की भुवया गोठाव्यात. मी बोलत होते, म्हणजे भांडतच होते, आणि एकदम लक्षात आलं की म्हातारा उलट बोलत नाही. व्हर्लिन टॉलेफसन आणि उलट बोलत नाही! वळून पाहिलं तर चेहरा राखेसारखा, एक हात छातीवर आणि कपाळावर घाम. त्या थंडीत घाम!

"व्हर्लिन! छातीची गोळी कुठाय तुमची?"

"जॅकेटात."

"मग घ्या ना!"

"चांगल्या जॅकेटात. ते खाली खुंटीला. याला... ग्रीस लागतं."

आता सांगा, काय करावं या माणसाचं? जॅकेटाला ग्रीस लागू नये म्हणून जिवावर उदार! मी खाली बोंबलले, "अर्लीऽऽन! गोळ्या! खुंटीवरच्या जॅकेटात!" माझा आवाज डोंगरभर फिरून परत माझ्याकडेच आला. ऐकायला अर्लीनशिवाय चिटपाखरू नाही. आणि म्हातारा, छाती धरलेला, ओठ निळे पडलेले, बारीक आवाजात म्हणतो, "गर्दी... नाही... बघ." मी म्हटलं, एक शब्द बोललात तर मीच ढकलून देईन!

अर्लीन आली. गुडघाभर बर्फातून, हात आधाराला पसरत, पंचाहत्तरीची बाई. डबी उंच धरून खाली उभी. आणि आम्ही वर, तीन मजले उंच. तिने फेकली. ती तिच्याच डोक्यामागे पडली. शोधली, परत फेकली, झाडावर आपटून आली. मला रडू फुटायला आलं, तुम्हाला सांगते. तेवढ्यात गळ्याकडे हात गेला. माझ्या गळ्यात अर्लीनने विणलेला मफलर. केशरी आणि तपकिरी. असला भयाण मफलर की मी तो फक्त बुधवारी घालते, बंद असतं म्हणून. दाताने टोक तोडलं आणि लागले उसवायला.

खालून आवाज, "ब्रिन! काय करतेस? सबंध हिवाळा घातलाय मी त्यात!"

"अर्लीन, तुझा नवरा मरतोय!"

"अगं पण दुसऱ्या बाजूने उसव! त्या बाजूला गाठी आहेत!"

आणि गाठी होत्या हो! दर हातभर लोकरीला एक गाठ, बाईने कुठली कुठली उरलेली लोकर जोडलेली! बोटं लाकडासारखी, हातमोजे काढलेले, टोकाला माझी किल्ली बांधलेली, आणि धागा वाऱ्याने तिरका तिरका जातोय, पाइनच्या फांदीकडे... इकडे म्हाताऱ्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. जड. मी म्हटलं, "व्हर्लिन, झोपायचं नाही. बोला काहीतरी. भांडा!"

"कॉलेज... का सोडलंस?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"बरं... केलंस. इथे कोण... होतं नाहीतर."

अहो, ही काय वेळ होती चांगलं बोलायची? इतकी वर्षं काय झोपला होतात? डोळ्यांतून पाणी आलं, ते गालावर गोठलं, धागा दिसेना. पण किल्ली अर्लीनच्या हातात पडली, तिने डबी बांधली, मी ओढू लागले. हळू. अजून हळू. एक गाठ हातात सुटायला आली तशी ती दातात धरली. डबी आली. झाकण उघडेना. लहान मुलांच्या हातून उघडू नये अशी केलेली असतात ना ती? माझ्याही हातून उघडेना! शेवटी दातानेच. गोळी त्याच्या जिभेखाली सारली आणि मी त्याच्या तोंडाकडे पाहत बसले. कुणाच्या तोंडाकडे मी इतकं कधी पाहिलं नसेल. बऱ्याच वेळाने त्याने एक लांब श्वास घेतला आणि म्हणाला, "लोकरीची चव लागतेय."

तोवर अर्लीन खोपटात जाऊन फोन करून आली होती. आमच्याकडे मोबाइलला रेंज नाही, त्यावरही समितीने ठराव करून समाधान व्यक्त केलंय. खालून ओरडली, "शेजारच्या काउंटीचे बचाववाले निघालेत! दोर घेऊन! त्यांना रस्ता ठाऊक नाही! वळायचं कुठे विचारतायत!"

आणि व्हर्लिन, जेवढा जीव उरला होता तेवढा एकवटून, "सांग त्यांना... पाटीपाशी उजवीकडे!"

...

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने हळूच खाली पार्किंगकडे पाहिलं. तिथे त्याचा पिकअप. मागच्या फळीवर ताडपत्री. ताडपत्रीतून बाहेर आलेला खांब.

"व्हर्लिन, मेल्या!" अर्लीन खालून. बाकी जे बोलली ते मी सांगत नाही, ती दर रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवते. मग गेली तरातरा, पिकअप सुरू केला, आणि चौकोनी पाठ ताठ करून निघूनच गेली. आम्ही दोघं लटकलेले. गोळी किती वेळ पुरते? मला ठाऊक नाही. त्याला विचारलं, त्यालाही ठाऊक नाही. अर्धवट उसवलेला मफलर दोघांच्या मानेभोवती गुंडाळला आणि बसलो. मी म्हटलं, "आत्ता गर्दी असती ना, व्हर्लिन..." तो म्हणाला, "हो." फक्त हो. आणि मला त्याच्या त्या 'हो'चीच जास्त भीती वाटली.

मग रस्त्यावर दिवे दिसले. आधी लाल. ॲम्ब्युलन्स! मी किंचाळले. तिच्यामागे बचावाची गाडी. तिच्यामागे एक जीप. जीपमागे व्हॅन. व्हॅनमागे... अहो, रांग! झालं काय होतं, घाट बंद म्हणून मोठ्या रिसॉर्टला निघालेले लोक हमरस्त्यावरून हात हलवत परत फिरत होते, आणि त्यांना वळणावर दिसली एक म्हातारी, बर्फात उभी, अंगापेक्षा मोठी पाटी दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेली: 'स्कीचा डोंगर, उजवीकडे'. सगळे वळले! वळणार नाहीत तर काय!

दोरावरून व्हर्लिनला खाली सोडलं तेव्हा घळीत माणसंच माणसं. रंगीबेरंगी हेल्मेटं, टाळ्या, पोरं बापाच्या खांद्यावर. लॉस्ट म्यूलच्या इतिहासात एवढी माणसं एका जागी कधी आली नव्हती. आणि म्हातारा स्ट्रेचरवर, नाकात नळी, सगळीकडे नजर फिरवतो आणि मला जवळ बोलावतो. मी कान नेला. म्हटलं, शेवटचे शब्द.

"त्या व्हॅनवाल्याला सांग, गाडी काढ, बर्फ ढकलायचं यंत्र अडलंय."

वाचला. चिवट आहे. मी भेटायला गेले तर खोलीत एकटाच पडून जेली खात होता. नर्स बाहेर गेल्यावर हळूच म्हणाला, "चांगलं हॉस्पिटल आहे, पोरी. गर्दी नाही, बघ." मी त्याची जेली उचलली आणि स्वतःच संपवली.

पाटी आता अर्लीनने वेल्डिंग करून बसवलीय, लोखंडी खांबावर. दुसरं इंजिन आम्हा चौघांना लावता येतं. आणि परवा शनिवारी मला सुट्टी होती, म्हटलं आपणही एकदा मजा करावी, तर लिफ्टची रांग खोपटाला वळसा घालून पार्किंगपर्यंत! अर्लीनचा पाय एक वाजताच संपलेला! मी, जिने त्या चाकांना हाताने ग्रीस लावलंय, ती रांगेच्या शेपटाला उभी. पुढे सिॲटलचा कुणी सद्गृहस्थ, नवाकोरा पोशाख. मागे वळून माझ्या उसवलेल्या मफलरकडे पाहिलं, जरा कीव आली असावी, आणि दबक्या आवाजात म्हणतो, "पहिल्यांदाच आलात का? फार छान जागा आहे. फक्त कुणाला सांगू नका हं. गर्दी होईल."

मी म्हटलं, नाही सांगणार.

आणि बघा, तुम्हाला सगळं सांगून बसले. आता निदान वळण नेमकं कुठे, ते तरी विचारू नका.