ताईने कूलर रिकामा केला

अरे, आमच्या ताईला फौजेने सरळ ऑफिसर म्हणूनच घेतलं ना! काम काय, तर छावणीतलं पाणी, गटारं, डास तपासायचे. पण बाबा डेंग्यूने गेले तेव्हापासून आई बोलतच नव्हती. तिला इथे जयपूरला मागे ठेवून ताई निघेल की नाही, हीच मला धास्ती.

जायच्या दिवशी ताईने वर्दीतच शेजारच्या, फौजेतून रिटायर झालेल्या सुभेदारकाकांच्या कूलरचं पाणी ओतून दिलं. काका बनियनवर ओरडत आले, "कोण आहे तो गधा?"

मी बाह्या सरसावल्या. ताई म्हणाली, "मी, काका. अळ्या होत्या."

तिच्या खांद्यावरचे तारे बघून काकांनी बनियनवरच कडक सॅल्यूट ठोकला. "जय हिंद, मॅडमजी!"

आई खो खो हसली. किती दिवसांनी! म्हणाली, "जा गं बिनधास्त. इथले कूलर मी बघते."