बरणीत काय नाही

सन्माननीय अध्यक्ष, पाणीपुरवठा खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले आपले अभियंतासाहेब. आजच्या प्रमुख पाहुण्या, उद्यान विभागाच्या अधिकारी बाई. रहिवासी संघाचे न थकणारे सचिव. आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे माझे धाकटे बंधू आणि माझ्या भावजयबाई. आणि घरातले दिवे-पंखे बंद करून आला असाल अशी मी आशा करते अशा समोरच्या सर्व बंधुभगिनींनो, आपणा सगळ्यांना माझा नमस्कार.

मला कुटुंबाच्या वतीने दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. सचिवांनी माझी ओळख ‘सत्कारमूर्तींच्या भगिनी’ अशी करून दिली. ती खरी आहे, फक्त तीत थोडी भर घालते. मागच्या रस्त्यावर कोपऱ्याला जी लाँड्री आहे, ती माझी. तुमच्यापैकी निम्म्या लोकांचे शर्ट मी ओळखते. त्यामुळे इथे आल्या आल्या माझं लक्ष त्या फलकाकडे गेलं. फलक प्लास्टिकचा न करता कापडाचा केलात, याबद्दल संघाचं अभिनंदन. मात्र लावण्याआधी माझ्याकडे इस्त्रीला टाकला असता, तर ‘आदर्श हरित कुटुंब’ यातलं ‘कुटुंब’ असं घडीत गेलं नसतं. असो.

मघाशी ती काचेची बरणी सगळ्यांमधून फिरली. एका कुटुंबाचा वर्षभराचा कचरा, एवढाच. अध्यक्षांनी ती दोन्ही हातांनी, तान्हं मूल घ्यावं तशी घेतली. पाहुण्या बाईंनी झाकण उघडून वाससुद्धा घेतला आणि वास येत नाही म्हणून कौतुक केलं. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांचे तर डोळे भरून आले होते. मी पाहिलं. टाळ्या मीही वाजवल्या, कारण शेजारी बसलेली बाई माझ्याकडे बघत होती.

आता बरणीत काय आहे, हे तुम्ही पाहिलंत. काय नाही, ते सांगायला मी उभी आहे.

त्याआधी गैरसमज नको. मी कचऱ्याच्या बाजूने बोलायला आलेली नाही. आमच्या घरी काहीच वाया जात नसे. भाजी धुतलेलं पाणी झाडांना, जुन्या चादरीच्या पुसण्या, पुसण्या विरल्या की त्यांचं पायपुसणं. हे सगळं आमची आई करायची. त्याला नाव नव्हतं, त्यावर भाषण नव्हतं, आणि कोणी बघायला आलं तर ती पायपुसणं लपवायची. आमच्या बंधूंनी प्रत्येक व्याख्यानात ‘हे बाळकडू मला आईकडून मिळालं’ असं सांगितलं आहे. तेवढं वाक्य अगदी खरं आहे.

पण आई वस्तू वाचवायची, बंधुराज वस्तू हलवतात. हा फरक मला समजायला जरा वेळ लागला. घरात कमीत कमी सामान ठेवायचं असं त्यांनी ठरवलं, तेव्हा प्लास्टिकचे डबे कुठे गेले? माझ्या माळ्यावर. जुना फ्रीज? माझ्या दुकानाच्या मागे, मागच्या उन्हाळ्यापासून मी त्यात हँगर ठेवते. मुलांची खेळणी, जादा खुर्च्या, एक व्यायामाची सायकल, जिच्यावर बसून आजवर कोणी घामाचा थेंब गाळलेला नाही. लोक त्यांच्या घरी येतात आणि म्हणतात, किती मोकळं, किती हलकं वाटतं. वाटणारच. त्यांचं अर्धं घर मी सांभाळते.

दुधाचंही ऐका. यांच्या घरात दुधाची पिशवी येत नाही, दूध स्टीलच्या किटलीतून येतं. फोटोही आहे किटलीचा. दूधवाला खाली जिन्यात उभा राहतो, दाताने पिशव्या फोडतो, किटलीत दूध ओततो आणि रिकाम्या पिशव्या पँटच्या खिशात कोंबून किटली वर नेऊन देतो. तो मला म्हणाला, “ताई, त्यांचा नेम आहे, मग माझा खिसा ओला झाला तर काय बिघडलं?” कचरा कोणाच्या नावावर लागला? दूधवाल्याच्या. आणि दूधवाल्याचा सत्कार, माझ्या माहितीप्रमाणे, आजच्या कार्यक्रमपत्रिकेत नाही.

सचिव घड्याळाकडे बघताहेत. बघू द्या. आतापर्यंतचं सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, आणि माझी काही तक्रारही नव्हती. भावासाठी माळा द्यायला काय जातं?

यापुढचं मात्र आईबद्दल आहे. ते मी तिला विचारून सांगते आहे, कारण गोष्ट तिच्या लाजेची आहे. ती म्हणाली, “सांग. पण त्याला लागेल असं बोलू नकोस.” पहिलं मी पाळते. दुसरं जमेल असं मला वाटत नाही.

आई भावाकडे राहायची. राहायची म्हणजे ते घर तिचंच, रस्त्याकडच्या खिडकीची खोली तिची. दोन वर्षांपूर्वी ती पडली, आणि त्यानंतर तिला लघवी धरून ठेवता येईना. म्हाताऱ्या शरीराचं असं होतं. तुमच्या घरात झालं असेल, माझ्याही होईल. लोक डायपर आणतात, वापरतात, कागदात गुंडाळून टाकतात आणि त्याबद्दल चार लोकांत बोलत नाहीत.

या घरात मात्र बरणी होती.

आमच्या बंधूंचा एक विशेष आहे, तुम्हीही पाहिला असेल. ते कधी आवाज चढवत नाहीत. वाईटातलं वाईट ते अत्यंत मऊ आवाजात सांगतात. जेवणाच्या टेबलावर ते आईला म्हणाले, “आई, तुझा यात काहीच दोष नाही. आपण फक्त पर्याय शोधू.” पर्याय सापडला. कापडी घड्या, धुवायच्या आणि पुन्हा वापरायच्या. भावजयबाईंनी त्या स्वतः शिवल्या, मऊ कापडाच्या, कडेला छान नक्षी. त्यावर त्यांचा एक लेखही आला.

धुवायच्या कोणी? त्या माझ्याकडे आल्या. रोज सकाळी पिशवी, अर्थात कापडी. त्या घड्या दोनदा गरम पाण्यातून काढाव्या लागायच्या, मग औषधाच्या पाण्यातून, मग ड्रायरमध्ये, कारण ओलसर राहिल्या तर म्हातारीची कातडी सोलवटणार. मी भावाला म्हटलं, अरे, हे पाणी, ही वीज, याचा कुठे विचार केलास का? तो म्हणाला, “तुझं मशीन तसंही चालूच असतं ना, ताई?” अध्यक्षमहोदय, आपण उभी हयात पाण्याचा हिशेब केलात. हे पाणी आपण कोणाच्या नावावर लावलं असतं, तेवढं नंतर चहाच्या वेळी सांगा.

एवढं करूनही कातडी सोलवटलीच. डॉक्टरांनी पाहिलं आणि सरळ सांगितलं, कापड बंद, डायपर आणा. आता इथे कोणताही साधा माणूस काय करेल? म्हणेल, आजारपणाचं आहे, हे बरणीत धरायचं नाही. आमच्या भावजयबाई तसं म्हणाल्यासुद्धा, त्यांच्यावर अन्याय नको. पण बंधुराज पडले प्रामाणिक. ते म्हणाले, मोजायचं तर सगळं मोजायचं, नाहीतर लोकांना काय तोंड दाखवायचं? म्हणून बाल्कनीत एक बंद डबा आला आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा त्याच्या शेजारी गेला. दर आठवड्याला आईच्या डब्याचं वजन व्हायचं. आणि तो आकडा जेवताना, त्याच मऊ आवाजात, सगळ्यांना सांगितला जायचा. आईही त्याच टेबलावर बसलेली असायची.

मला सांगा, तुमच्या आईच्या लघवीचं वजन कोणी तुमच्या जेवणाच्या ताटासमोर सांगितलं, तर तुम्ही काय कराल? मी काय केलं असतं, ते या व्यासपीठावर सांगण्यासारखं नाही.

आईने काय केलं? तिने पाणी पिणं कमी केलं.

कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण पाण्याचं भांडं रिकामं व्हायचं. तिच्या पलंगाशेजारी एक कुंडी होती. पेला भरून दिला की ती दोन घोट घ्यायची आणि उरलेलं, कोणी बघत नाही असं पाहून, कुंडीत ओतायची. ते झाड काय वाढलं म्हणता! खिडकीच्या गजांवर चढलं. भावजयबाईंनी आईला त्या झाडाशेजारी बसवून फोटो काढला आणि खाली लिहिलं, ‘आजींचा हात लागला की झाड बहरतं.’ शेकडो लोकांना तो आवडला. त्यात मीही होते. आईचे ओठ फुटलेले आहेत, हे त्या फोटोत स्वच्छ दिसतं; माणसं झाड बघत होती.

डब्याचं वजन मात्र उतरत गेलं. बंधूंना आनंद झाला. “आई, बघ, जमतंय आपल्याला,” असं ते म्हणाले. आणि मग एक दिवस आईला ताप भरला, ती असंबद्ध बोलायला लागली आणि तिने मला ओळखलं नाही. ती मला ‘बाई’ म्हणाली, आणि बाई, कपडे कधी मिळतील, असं विचारलं. रुग्णालयात डॉक्टर म्हणाले, शरीरात पाणीच नाही, त्यातून मूत्रपिंडापर्यंत संसर्ग गेला आहे. आई शुद्धीवर आल्यावर त्यांनी तिला विचारलं, आजी, पाणी का पीत नव्हता? आई म्हणाली, “तहानच लागत नाही हो.” डॉक्टर गेल्यावर मात्र तिने नर्सला हळूच सांगितलं, “घरात माझाच कचरा फार होतो. मुलाचं नाव आहे बाहेर. माझ्यापायी जायला नको.” नर्सने मला बाहेर बोलावून ते सांगितलं, आणि मी त्या कॉरिडॉरमध्ये, लोक बघत असताना, मोठ्याने रडले. मला रडायला येत नाही, असं माझ्या दुकानातल्या बायका म्हणतात.

त्यानंतर आई माझ्याकडे आली. ‘हवापालट’ असं सांगितलं गेलं, आणि मघाशी सचिवांनीही ‘मातोश्री सध्या विश्रांतीसाठी कन्येकडे असतात’ असं सुरेख वाक्य वाचलं. लाँड्रीच्या वाफेत कसली हवा आणि कसला पालट? ती काउंटरमागे खुर्चीत बसते, उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालते, गिऱ्हाइकांना डाग कसा पडला ते विचारते. पाणी पिते, कारण मी समोर उभी राहते. मला तिचं ओझं नाही. ती माझ्याकडे शेवटपर्यंत राहिली तर मला सुखच आहे.

पण तिला घरी जायचं आहे. दर रविवारी भावाचा फोन आला की ती विचारते, “माझी खोली मोकळी झाली का रे?” खोली मोकळी होत नाही, कारण तिथे आता रोपवाटिका आहे. लोक बघायला येतात. पाहुण्या बाई, आपणही येऊन गेलात म्हणे, आणि जागेचा किती कल्पक उपयोग केला आहे, असं अभिप्रायाच्या वहीत लिहिलंत. त्या जागेत पलंग होता. ज्या वर्षाच्या कचऱ्यासाठी हा पुरस्कार मिळाला, ते वर्ष पलंग हलल्यानंतरचं आहे. म्हणजे पुरस्कार कशाचा दिला गेला, हे परीक्षकांनी एकदा शांतपणे बसून ठरवावं. इथे बसलेल्या आपण सर्वांनीही ठरवावं. टाळ्या आपणच वाजवल्या. घरी जाऊन आपण सगळे एकेक बरणी घेणार आहोत आणि घरातलं कोण तिच्यात मावत नाही, ते बघणार आहोत.

आई आज इथे आली आहे. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, करड्या शालीत. सगळ्यांनी एकदम मागे वळू नका, ती लाजते. मुलाचा सत्कार चुकवायचा नाही, असं तिने पंधरवड्यापूर्वीच मला बजावलं होतं. येताना रिक्षात मी पाण्याची बाटली पुढे केली, तर तिने तोंड फिरवलं. सकाळपासून ती थेंबभर पाणी प्यायलेली नाही. कार्यक्रम लांबला आणि मध्येच काही झालं, तर मुलाचा अपमान होईल, म्हणते.

तेव्हा सत्काराला उत्तर देण्याआधी, बंधुराज, एक काम कर. तो फुलांचा गुच्छ खाली ठेव. टेबलावर तांब्या आहे, त्यातून पेला भर. व्यासपीठाच्या पायऱ्या उतर, आणि या सगळ्या लोकांसमोर आईला पाणी पाज. पूर्ण पेला. ती दोन घोट घेऊन परत देईल. घ्यायचा नाही, तिथेच उभं राहायचं. मग तिला बदलावं लागेल. सभागृहाच्या मागे डाव्या हाताला खोली आहे, तिची पिशवी खुर्चीखाली आहे, लागणारं सगळं तिच्यात आहे. कसं करायचं ते येत नसेल तर तिलाच विचार. तुझं तिने केलं आहे. आणि तिथून ती तुझ्याबरोबर घरी येईल. रोपं माझ्या दुकानाच्या मागे ठेव, फ्रीजशेजारी जागा आहे.

अध्यक्षमहोदय, मला बोलायला बोलावलंत त्याबद्दल संघाची मी ऋणी आहे. वेळेची मर्यादा मोडली, प्रसंगाला शोभणार नाही असं बरंच बोलले, कोणाचं मन दुखावलं असेल तर उदार मनाने पोटात घालावं. एकच सवलत मागते. हा माईक मी इतक्यात सोडणार नाही. भाऊ अजून बसलेला आहे.