तीनशे अडतीस प्रेक्षक

नियमांच्या भाषेवर हयातभर संतापलेल्या विभावरीबाई दुबईजवळच्या अजमानमध्ये, सरकारी अर्ज टाइप करून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये रांगेत होत्या. त्यांच्या पुढे शौकतभाई पत्नी अजरासह आपल्या रग्बी लीग क्लबच्या परवान्याचा अर्ज भरत होते; दोघांचं बोलणं विभावरीबाईंच्या कानावर पडत होतं. आजच अखेरची मुदत होती.

"मॅचला प्रेक्षक किमान तीनशे हवेत. एक जरी कमी, तर परवाना खलास, अजरा!"

"लिहा, तीनशे चाळीस."

"मोजले कोणी?"

"मीच. गेल्या मॅचला वाटलेल्या मटण-वड्यांच्या प्लेटी मोजल्या ना."

"अगं, तुझ्या भावाने, उझैरने, एकट्याने चार उचलल्या!"

"मग तीनशे सदतीस लिहा."

"पण मॅच पाहिली कुणी?"

"अर्जात 'आले किती' एवढंच विचारलंय. पाहिली का, ते कुठे विचारलंय?"

"येत्या शुक्रवारच्या मॅचला तपासणीचा साहेब स्वतः येणार आहे, अजरा."

"येऊ दे की. त्यालाही एक प्लेट. तीनशे अडतीस!"