कोल्हापूरपर्यंतची सोबत

आमचे हे गेले, त्यानंतर वर्षभराने मी आमच्या मारुतीतून एकटीनेच कन्याकुमारीला जायचं ठरवलं. नेरूळच्या आमच्या सोसायटीत बातमी फुटली, तसे सेक्रेटरी शिंदे घरी आले.

"वहिनी, बाईमाणूस एकटी एवढ्या लांब? सोसायटीला टेन्शन येतं."

यांच्या आजारपणात मी रोज एकटीच गाडी घेऊन हॉस्पिटलात जायचे, तेव्हा सोसायटी निवांत होती. शिंद्यांनी लगेच तोडगाही काढला.

"आमची आई साताऱ्यापर्यंत सोबत येईल. पाटीलवहिनी कराडपर्यंत, जोशीकाका कोल्हापूरपर्यंत. सामान थोडंच आहे त्यांचं."

"आणि कोल्हापूरच्या पुढे?"

शिंदे चपला घालायला उठले.

"पुढे आपलं कुणी राहत नाही. तिथून तुम्ही धीराच्या आहातच की, वहिनी."