अनुभव कसा, बाहेरचा हवा!

...नाही, मला एक सांगा, गादी आणि महापूर यांचा संबंध काय? गादी पाण्यात भिजते, एवढं मलाही कळतं. पण तेवढ्यावर एखाद्या माणसाला कुणी आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेचा प्रमुख करतं का हो? करतात! आमच्याकडे केला! मी तिथली उपप्रमुख, अर्धं आयुष्य चिखलात गेलंय माझं. मला तंबू ठोकता येतो, गढूळ पाणी पिण्याजोगं करता येतं, मेलेल्याच्या बायकोला बातमी कशी सांगायची ते येतं आणि उशिरा येणाऱ्या ट्रकवाल्याला त्याच्याच भाषेत शिव्या देता येतात... आणि माझ्या डोक्यावर आणून बसवला कोण? तर गादीवाला! आयुष्यभर गाद्या विकल्या त्या माणसाने! स्प्रिंगच्या, फोमच्या, लहान बाळाच्या... आणि मी मुलाखतीला गेले तर मला म्हणतात कसं, "अनुभव बाहेरचा हवा!"

मुलाखतीचं सांगते ना. मुख्यालयात ती काचेची खोली आहे, आत बसलं की मत्स्यालयातल्या माशासारखं वाटतं, आणि समोर आमच्या अध्यक्षीणबाई. बाई इतक्या गोड, की तुमचा गळा कापतील आणि तुम्हीच थँक्यू म्हणाल. म्हणाल्या, "अगंऽऽ, तुझं सगळं वाचलं हं मी. किती गं सुंदर! पण सगळं मदतकार्याचंच आहे." मी म्हटलं, "बाई, मदतसंस्था आहे ना आपली." तर बाजूला वळून सगळ्यांना, "पाहिलंत? हेच म्हणत होते मी! आतलं माणूस आतलाच विचार करतं. आपल्याला ताजी नजर हवी. तू काय गं, तू तर घरचीच आहेस!" आणि सगळे माना डोलावताहेत. घरची म्हणजे काय? घरच्याला ताटावरून उठवायचं आणि पाहुण्याला बसवायचं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही.

घरी आले. नवरा माझा दातांचा डॉक्टर आहे. तो सहानुभूतीसुद्धा भूल दिल्यासारखी देतो, अर्धंच तोंड हलतं. मी म्हटलं, "अहो, उद्या तुमच्या दवाखान्यात मुख्य डॉक्टर म्हणून सुतार आणून बसवला तर चालेल का तुम्हाला?" तो विचार करून म्हणतो, "पकड दोघांकडेही असते." आता या माणसाशी मी संसार केलाय, मग पुराचं मला काय कौतुक सांगता!

आणि हे काही पहिल्यांदाच झालं नाही बरं का. गादीवाल्यांच्या आधी शाम्पूवाले होते. शाम्पूवाल्यांच्या आधी फौजी. फौजीसाहेबांना रांग सरळ लागायची, बस्स, बाकी काही लागायचं नाही. जुलाब झालेली बाई रांग सोडून पळाली, तर हे शिट्टी फुंकत तिच्या मागे! शाम्पूवाले आले, त्यांनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, 'पूरग्रस्त' शब्द उदास वाटतो, आजपासून यांना 'जलमित्र' म्हणायचं. ज्याची म्हैस वाहून गेली तो जलमित्र! मी विचारलं, "साहेब, ज्यांचं माणूस वाहून गेलं त्यांना काय म्हणू? जलनातेवाईक?" तर त्यांनी ते लिहून घेतलं हो! विनोद कळत नव्हता त्यांना. पण अनुभव कसा... बाहेरचा!

बरं, आता आमच्याकडची एक रीत ऐका. नवा प्रमुख आला की त्याचा परिचय मी लिहायचा. का? तर माझी भाषा बरी आहे म्हणून. आणि परिचयात कलाटणी लागते. म्हणजे माणूस मोठ्या कंपनीत होता, गाडी होती, बंगला होता, आणि एके दिवशी त्याने दोन दुःखी डोळ्यांत पाहिलं आणि सगळ्यावर लाथ मारून तो दीनदुबळ्यांकडे धावत सुटला... ही कलाटणी! ती नसेल तर देणगीदार पैशाच्या पाकिटाला हात लावत नाहीत. फौजीसाहेबांना मी एका चिमुरडीचे डोळे दिले, शाम्पूवाल्यांना एका म्हाताऱ्या नावाड्याचे. खरी गोष्ट काय होती? फौजी निवृत्त होऊन घरी आले आणि घरात शिट्ट्या मारायला लागले, तेव्हा बायकोनेच त्यांना मानवतेच्या स्वाधीन केलं. आणि शाम्पूवाल्यांच्या शाम्पूने गिऱ्हाइकांचे केस गळाले. त्या टकल्या लोकांपासून लांब कुठेतरी जायचं होतं त्यांना. पण ते कोण छापणार?

तर मी गादीवाल्यांकडे गेले. बसलेत आपले, गोल, मऊ, कुठेही दाबा, परत वर येतील. म्हटलं, "साहेब, तुम्ही गाद्या का सोडल्यात?" म्हणाले, "सोडल्या नाहीत हो, मला काढलं." म्हटलं, "मग सेवेची ओढ केव्हा लागली?" म्हणाले, "कसली?" मी पेन खाली ठेवलं. तर मलाच विश्वासात घेऊन सांगतात, "ताई, मला एक कळलं नाही. मुलाखतीत मी स्वच्छ सांगितलं की मला पुरातलं काही कळत नाही, तर त्या बाई उभ्या राहून टाळ्याच वाजवायला लागल्या!" आता सांगा, या माणसावर रागवायचं तरी कसं? मी रागावले, ती गोष्ट वेगळी. मला कुणावर तरी रागवायचंच होतं.

कलाटणी नाही म्हटल्यावर ती घडवून आणणं भाग होतं. मुख्यालयाचा रोज फोन, "अगं, कलाटणीचं काय झालं?" शेवटी साहेबांना गाडीत घातलं आणि नदीकाठच्या छावणीत नेलं. सोबत आमचा फोटोवाला. हा मूळचा लग्नांचे फोटो काढणारा. हाही बाहेरचाच अनुभव! कॅमेरा डोळ्याला लावला की याच्या तोंडून आपोआप निघतं, "जरा हसा." ज्या माणसाचं घर कालच पडलंय त्याला, "जरा हसा. काका, थोडं जवळ या. काकू कुठायत?" काकू वाहून गेल्या रे बाबा!

छावणीत एक आजी आहेत आमच्या. नदीकाठची बाई, सगळं गेलं पुरात, तेव्हापासून तंबूतच राहतात. कुणीही मोठं माणूस आलं की आम्ही आजींकडे नेतो, कारण त्या सांगतात फार छान. मी आधी पुढे गेले, तयारी करून घ्यायला. तर आजी वेणी घालता घालता मला विचारतात, "बाई, आज कोणतं सांगू? सून सांगू का घर सांगू?" मी म्हटलं, "मुलगा सांगता का?" तर म्हणाल्या, "मुलगा नको गं. तो फौजीसाहेबाला सांगितला, तर नंतर दोन दिवस घास उतरला नाही मला. आणि तो मेला रडलासुद्धा नाही. हा कसा आहे, रडका आहे का?" म्हटलं, "माहीत नाही, गादीवाला आहे." "मग घरच सांगते," म्हणाल्या, "घरात गादी होती."

ऐकलंत? दुकानात माप विचारावं तसं आम्ही दुःख विचारून घेतो आणि ती बाई आमची सोय बघून देते. लाज वाटते हो. पण लाज वाटली म्हणून परिचय लिहून होत नाही.

साहेब तंबूत आले. आजींनी सूर लावला, "पाणी आलं ते आधी उंबऱ्याला आलं..." फोटोवाला तयार, मी साहेबांच्या डोळ्यांकडे बघतेय, आता पाणी येईल, मग येईल... आणि साहेबांची नजर कुठे? खाली अंथरलेल्या सतरंजीवर! मध्येच विचारतात, "आजी, यावर झोपता तुम्ही? पाठ नाही दुखत?" आजी म्हणाल्या, "दुखते की. बरं, तर पाणी आलं ते..." साहेब वाकले, सतरंजी चिमटीत धरली, दाबली, आणि "बघू बरं" म्हणून सरळ आडवे झाले! त्यांच्या धंद्यात तसंच करतात म्हणे, स्वतः पडून बघतात. आजींचं पाणी इकडे माळ्यापर्यंत पोचलं आणि तिकडे... घर्रर्र! घोरायला लागला हो माणूस! पुराची गोष्ट ऐकता ऐकता! आजी थांबल्या, वाकून बघितलं, म्हणाल्या, "बाई, मेला का हा?" म्हटलं, "झोपलेत." म्हणाल्या, "मग पुढचं सांगू का थांबू?" आणि काय वाटलं त्या माउलीला कोण जाणे, स्वतःच्या अंगावरची शाल काढली आणि त्याच्या अंगावर घातली. त्यातही फोटोवाल्याने सवयीने म्हटलंच, "जरा हसा," आणि फोटो काढला.

तो फोटो मी पाठवायला नको होता. हात दाखवून अवलक्षण! पण मुख्यालयाचा फोन सुरूच होता, रागही होता डोक्यात, म्हटलं, घ्या, हे तुमचे बाहेरचे! आणि वर परिचय लिहिला. असा लिहिला, असा लिहिला, की बास! 'पूरग्रस्तांच्या सतरंजीवर पाठ टेकणारा नेता. ज्याने जगाला मऊ झोप दिली, तो आज कठीण जमिनीवर निजतो आहे.' कुचकेपणाने लिहिलं होतं हो मी! वाचणाऱ्याला हसू येईल म्हणून! आणि लोक रडले. देशोदेशीचे लोक रडले! अध्यक्षीणबाई फोनवर हुंदके देताहेत, "अगंऽऽ, तू आतली आहेस, तुला नाही कळायचं, पण हीच ती ताजी नजर!" ताजी नजर? डोळे मिटलेले होते त्याचे!

पुढे काय होणार? त्या फोटोवर गादीवाल्यांना एका मोठ्या संस्थेने उचललं. आमच्या दसपट मोठी. जाताना मला म्हणतात, "ताई, तुम्ही लिहिलेलं वाचून मलाच रडू आलं. मी इतका चांगला आहे हे मला माहीतच नव्हतं." आणि ते गेले तसे आमचे देणगीदारही गेले, एकामागोमाग एक, ज्या सतरंजीवर साहेब तिथे देणगी! आमची तिजोरी रिकामी, आणि प्रमुखाची जागाही रिकामी.

आता मला सांगा, आशा वाईट असते की नाही? मला वाटलं, आता तरी. आता तरी माझ्याशिवाय आहे कोण? आणि खरंच बाईंचा फोन आला, "अगंऽऽ, अभिनंदन! प्रमुख तूच!" मी म्हटलं, "बाई, आणि बाहेरचा अनुभव?" तर म्हणाल्या, "छे छे, या कामाला बाहेरचा माणूस चालतच नाही. इथे घरचंच माणूस हवं." म्हटलं, "कुठल्या कामाला?" "संस्था बंद करायची आहे ना गं."

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं. दात काढायचा असेल तर लोक ओळखीच्या डॉक्टरकडे येतात." म्हटलं, "का, कमी दुखतो?" म्हणाला, "दुखतो तेवढाच. पण भिडेपोटी ओरडत नाहीत."

आणि मी हो म्हटलं. हो, म्हटलं! असं बघू नका माझ्याकडे. प्रमुख होते मी! दारावर पाटी लागली माझी. आणि पाटीखाली बसून पहिल्या सकाळी मी फोटोवाल्याला काढला. तो निमूटपणे कॅमेरा पिशवीत घालून गेला, मी "जरा हस की रे" म्हटलं तेव्हा हसलासुद्धा, इतका गुणी. मग ड्रायव्हर काढला, मग स्वयंपाकीणबाई, मग गोदामातले हमाल. आणि खरंच हो, एकही जण ओरडला नाही! उलट माझंच सांत्वन करताहेत, "मॅडम, तुमच्यावर काय ही वेळ आली." नवरा माझा डॉक्टर चांगला आहे, मान्य करते.

मग राहिली छावणी. तंबू काढायचे होते. गेले आजींकडे. आजींनी बघितलं, म्हणाल्या, "बाई, तू साहेब झालीस म्हणे?" म्हटलं, "हो आजी." माझ्या तोंडावरून हात फिरवला हो तिने, कानशिलावर बोटं मोडली, म्हणाली, "देव पावला गं! आता आमचं होईल काहीतरी!" मेलेल्याच्या बायकोला बातमी सांगता येते मला, म्हटलं ना मघाशी? तेवढं मला येतं. तसंच सांगितलं. हळू, सरळ, हात धरून... "आजी, तंबू सोडावा लागेल."

तर आजी काय म्हणाली? ओरडली नाही, शिव्या नाहीत, नुसती म्हणाली, "अगं, इतके बाहेरचे आले. एकाने शिट्ट्या मारल्या, एकाने नावं ठेवली, एक झोपून गेला. पण उठवलं नाही कुणी आम्हाला इथून. उठवायला घरचंच माणूस यावं लागलं होय." आणि आवराआवर करायला लागली. मी म्हटलं, "आजी, मी मदत करते." तर म्हणाली, "नको, केलीस तेवढी पुरे."

मी परत आले. कचेरी रिकामी करायची होती. ट्रक दारात उभा होता, पण सामान चढवायला हमाल कुठून आणणार, ते तर मीच काढलेले. मग एकटीनेच चढवलं सगळं. शेवटी राहिली प्रमुखाची खुर्ची. तिच्यासाठी इतकी वर्षं जीव टाकला होता मी, पण उचलून कधी पाहिली नव्हती... भारी जड आहे हो!