आमच्याकडे कधी ट्रिप होत नाही

...आणि वर मलाच विचारतो, "काका, तुम्ही अजून इथेच राहताय?" आता घर माझं, मी नाही राहायचं तर काय शेजाऱ्यांनी राहायचं? वायरमन आहे की ज्योतिषी? झालंय काय, तुम्हाला सांगतो, मुलगी बाळाला घेऊन राहायला येणार, पहिलं नातवंड, तर बायको म्हणाली खोलीत एसी हवा, बाथरूमला गीझर हवा, म्हणजे दोन नव्या लाइनी ओढायच्या, एवढंच काम! बोर्डात खटक्यांची दोन घरं रिकामी दिसत होती, म्हटलं बसव तिथे, उगाच किती वेळ बघतोस? तर हा तोंडातली बॅटरी काढून म्हणतो, "खुर्च्या रिकाम्या आहेत म्हणून स्वयंपाक पुरत नाही, काका." मी म्हटलं, बाबा रे, वरच्यांचे दिवे मिक्सर लावला की जातात, समोरच्यांचे इस्त्री लावली की जातात... आमच्याकडे कधी ट्रिप होत नाही.

"कधीच नाही?"

"कधीच नाही." अहो, किती अभिमानाने सांगितलं मी! आणि रिपोर्ट वाचून डॉक्टर बघतात ना, तसा तो माझ्याकडे बघायला लागला.

मग म्हणाला, घरातलं सगळं चालू करा. फ्रिज, वॉशिंग मशीन, इस्त्री, मिक्सर... बायको स्वयंपाकघरातून विचारतेय, "यात काही नाहीये, तसंच फिरवू?" हा चिमट्यासारखं मीटर वायरीला लावून बसलाय, आकडा चढतोय, चढतोय, आणि बोर्डातला खटका ढिम्म, पडायचं नाव नाही. मी खूश! म्हटलं बघ, आमच्याकडे कधी...

"तेच तर," तो म्हणाला. "वायर एवढी बारीक, याने केव्हाच पडायला हवं होतं. हा दांडगा खटका बसवला कोणी?"

सगळ्यांनी टीव्हीसमोर बघितलं. तिथे सासरे. आमच्याकडेच असतात. मी कामावर असलो की दुपारी ऐन मालिकेत खटका पडायचा, म्हणून त्यांनी कुणाला तरी गाठून मोठा बसवून घेतला होता, आणि तोही पडायला लागला तेव्हा त्याहून मोठा! मला पत्ता नाही. "पडतो म्हणजे कमजोर आहे, जावईबापू," मान न वळवता सांगतात, "मी मजबूत घातला."

"खटका पडत नाही, म्हणजे सगळा ताप वायरीला," वायरमन म्हणाला. "भिंतीच्या आत." आणि भिंतीला तळहात लावत निघाला. हॉल झाला, थांबला नाही. पॅसेज झाला, थांबला नाही. बाळासाठी ठेवलेल्या खोलीत शिरला... आणि थांबला.

आता ती खोली म्हणजे, तुम्हाला सांगतो, बायकोची लाडकी. ऐन थंडीत त्या भिंतीला काय छान ऊब असते! म्हणून तर पाळणा तिने मुद्दाम भिंतीला चिकटवून ठेवलेला, आत दुपटं घालून. वायरमनने पाळणा हळूच बाजूला सरकवला. बायकोने भिंतीला हात लावला, आणि तो काढेचना. तिकडे मिक्सर रिकामाच फिरतोय. आमच्याकडे कधी ट्रिप होत नाही, हे मी चारचौघांत छाती फुगवून सांगायचो!

त्याने त्या खोलीची लाइन तोडली, वायरीला झेपेल तेवढाच खटका लावला. म्हणाला, आधी मीटरपासून सगळी वायर बदला, मग एसीचं नाव काढा. एसी खोक्यात पडलाय. मुलीला फोन केला, म्हटलं अजून येऊ नकोस. "बाबा, काय झालं?" काय सांगू तिला?

आता इस्त्री लावली की अंधार, मिक्सर लावला की अंधार, आणि अंधारातून सासरे: "आधी काय वाईट होतं?" बायको चिडते, शेजारी हसतात. मी मात्र, खरं सांगू? अंधार झाला की निवांत झोपतो. दिवे नीट चालू असले, की उठून भिंती चाचपत फिरतो.